सासरेबुवांची हवेची गादी

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. तुमचे गुडघे कसे आहेत?

तापमान स्थिर ठेवून दाब कमी केला की वायूचं आकारमान वाढतं, हे मी बावीस वर्षं मुलांकडून घोकून घेतोय. पण साडूभाऊ, ते खरं आहे हो! खरोखर तसं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सासरेबुवा कायमचे आमच्याकडे, वर डोंगरावर राहायला येणार म्हणून तुमच्या मेहुणीनं हौसेनं खोली रंगवली होती. शस्त्रक्रियेनंतर त्यांना नीट बसवत नाही, म्हणून रबरी हवेची गादी आणली आणि पायथ्याशी मी स्वतः फुंकून टम्म केली. वारा बाधतो म्हणून त्यांनी काचा बंद करायला लावल्या, हीटर लावून घेतला (म्हणजे तापमानाची अटही त्यांनीच पाळली). गाडी चढत गेली, बाहेरच्या हवेचा दाब उतरत गेला, गादी फुगत गेली. निम्म्या वाटेवर त्यांची टोपी छताला टेकली. गादी टणक झालीय म्हणाले; वळणांमुळे तसं वाटतं, म्हटलं मी.

शेवटच्या वळणावर फाट्कन आवाज झाला. टायर फुटला समजून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. सासरेबुवा धपकन खाली, नेमके दुखऱ्या जागेवर. त्यांनी जे शब्द काढले ते सासऱ्यानं जावयापुढे काढू नयेत. (टाके शाबूत आहेत.)

घरी आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "शास्त्र शिकवता ना तुम्ही? मग हे माहीत नव्हतं?"

बायको बघत होती. माहीत नव्हतं, म्हणालो मी. अशा माणसाच्या भरवशावर म्हातारपण काढायचं नाही, म्हणून ते तुमच्याकडे यायला सामान बांधताहेत आणि तुमची मेहुणी कालपासून रडतेय.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : तुमच्याकडे जागा नाही असं त्यांना कळवा. पाया पडतो.

ता. क. दुसरा : निम्म्या वाटेवरच माझ्या लक्षात आलं होतं. गादीचं बूच काढायला हात पुढे केलाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा नियम डोळ्यांदेखत चालत होता. हात मागे घेतला. हे कुणाला बोलू नका.

(निराळ्या अक्षरात) पत्र उघडं टाकून जावई डिंक शोधायला गेलेत. वाचलं. मूर्ख माणसाकडे राहणं धोक्याचं. लबाडावर नजर ठेवता येते. तेव्हा मी इथेच राहतो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे खाली यायचंय. उतरताना गादी आक्रसते का, तेही बघायचंय. बूच माझ्या हातात राहील.