रिकाम्या गोठ्यातला शोधनिबंध

सर,

तुमचा पेपर अजून जिवंत आहे, हे आधी सांगते. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. तुमचं घर विकलं गेलं, प्रयोगशाळेच्या खोलीत आता औषधांची खोकी भरलीत, पण गोदाकाठच्या हिवतापावरचा तो शोधनिबंध मात्र धडधाकट आहे. त्याचा हवाला दुसऱ्यांच्या निबंधांत, त्यांचा हवाला तिसऱ्यांच्या निबंधांत, आणि मूळ पेपर उघडून वाचलेला माणूस शोधायला गेलं तर बहुधा मीच निघेन. दिवाळीनंतर गोदाकाठी डास नाहीत, म्हणून लागण नाही. थंडीत कुणाला हिवताप झालाच तर तो बाहेरगावाहून आणलेला. एवढं तुम्ही लिहिलंत आणि त्यावर जिल्ह्याचं फवारणीचं वेळापत्रक बसलं. दसरा झाला की पंप धुऊन माळ्यावर चढतात. मीही पोरापोरींना तेच शिकवत आले. ब्रह्मवाक्यच ते, त्याला नख कोण लावणार.

तुमच्याबरोबरची पहिली सकाळ आठवते. मी बीड शहरातली, कारकुनाची मुलगी, चपलेला शेण लागलं तरी तोंड वाकडं करणारी. आणि तुम्ही तर पुण्याचेच. गेवराईच्या पुढे जीप थांबते, तुम्ही धोतरातल्या म्हाताऱ्यांना नमस्कार करत सरळ गोठ्यात वाकून शिरता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काचेची नळी, तिच्या रबराचं टोक तोंडात. बैलांचं रक्त पिऊन डास दिवसभर गोठ्याच्या भिंतीवर बसून राहतात, ते असे अलगद ओढून घ्यायचे. एका गोठ्यात मला काही मिळालं नाही, तर मी कागदावर 'डास नाहीत' असं लिहिलं. तुम्ही सगळ्यांसमोर खोडलंत. "मला सापडले नाहीत, असं लिही. नाहीत हे ठरवणारी तू कोण?" मला असा राग आला होता की परतीच्या वाटेवर मी तुमच्याकडे पाठ करून बसले. दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात वहिनींनी मला पाटावर बसवून शिरा खाऊ घातला आणि म्हणाल्या, "अगं, मलाही भाजी खारट झाली तर असंच बोलतात." तुम्ही ओट्याशी उभे राहून हसत होतात, मग आत जाऊन तुमच्या पेपरची एक प्रत घेऊन आलात आणि माझ्या हातात दिलीत. तो पेपर मी तुमच्याकडे येण्याआधीच्या हिवाळ्यांवरचा. मी तो देवघरात ठेवावा तसा कपाटात वर ठेवला होता.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात गोदाकाठच्या एका वस्तीवरून एका लहान मुलाच्या रक्ताची काच माझ्याकडे तपासायला आली. हिवतापातला वाईट प्रकार, डोक्यात चढणारा. मी फोन लावेपर्यंत पोरगं गेलं होतं. आईबाप ऊसतोडीला लांब कारखान्यावर, पोरगं आजीपाशी, थोरली बहीणही तिथंच. अहवालात काय लिहिलं गेलं माहीत आहे का? बाहेरून आणलेला ताप. सर, ते पोर गेवराईच्या बाजारापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्याने ताप आणला कुठून, खिशात घालून? मी हे मोठ्याने विचारलं, तर अहवाल लिहिणारा म्हणाला, आईबाप येऊन गेले असतील. ते तर थेट मयतीलाच आले होते.

मग मी त्या वस्तीवर गेले. गोदावरीतून वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे पडलेत, त्यांत स्वच्छ, संथ, उन्हातलं पाणी साचलंय. या डासाला याहून चांगलं माहेर मिळायचं नाही. पण गोठ्यांत काही नाही. तुम्ही शिकवलं तसं एकेका भिंतीवरून बॅटरी फिरवली, कोपरे पाहिले, नळी कोरडीच. तुमचंच बरोबर म्हणायचं, असं मनात म्हणत मी गव्हाणीच्या कडेला टेकले. गव्हाणीत कोळ्याने जाळं विणलेलं. जमिनीवर शेण नाही, मुताचा वास नाही, दाव्याला धूळ. आणि मग मला हसूच आलं, एकटीला, वेड्यासारखं. तिथं बैलच नव्हते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि गाडीबरोबर बैलही कारखान्यावर जातात ते पार होळीच्या आसपास परततात. तुम्ही सकाळी जायचात; तेव्हा गोठा रिकामा दिसला तर कुणालाही वाटणार, बैल शेतावर गेलेत. हिवाळेच्या हिवाळे तुम्ही बैल नसलेल्या गोठ्यांत डास शोधलेत, सर. ज्याला बैलाचं रक्त लागतं, तो बैल गेल्यावर गोठ्यात कशाला बसेल? तो घरात शिरतो. आणि घरात कोण उरलेलं असतं? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

मला तुमचा भयंकर राग आला. मग रडू आलं. मला 'नाहीत' लिहिलं म्हणून झापणारा माणूस स्वतःच्या पेपरात तोच शब्द ठोकून मोकळा होतो, आणि त्या शब्दाखाली इतक्या वर्षांत किती पोरं गाडली गेली असतील, कोण सांगणार. आणि तुम्ही समोर नाहीत. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

यंदा दसऱ्याआधीच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, बैल निघायच्या आत मागे राहणाऱ्यांची घरं फवारून घ्या. जिल्ह्याचे हिवताप अधिकारी, आमचे साहेब, तुमचाच विद्यार्थी, माझ्या दोन वर्षं पुढचा. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "सरांच्या पेपरवर अख्ख्या जिल्ह्याची आखणी उभी आहे. ती तुझ्या तर्कावर कशी हलवू? थंडीतला, घरातला, माणसाचं रक्त प्यालेला डास आण. पोट भरलेला. उद्याच्या उद्या पंप काढतो." तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात.

टोळी निघाली त्या सकाळी मी त्या गेलेल्या पोराच्या घरी होते. गाड्या भरल्या होत्या, बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. मी पोराच्या बापाला म्हटलं, एक तरी बैल मागे ठेवा. तो कासरा आवळत म्हणाला, "म्याडम, एका बैलानं गाडी कशी वढायची? दुसऱ्या बाजूला हिला जुपू का?" बायको पदराआड हसली. मग मी तिला म्हटलं, थोरल्या पोरीला तरी बरोबर न्या. तेव्हा तिचं हसू गेलं. "तिथं पालात ठिवू? शाळा हाय हिची. एक गेलं म्हणून दुसरीचं वाटोळं कावून करू?" गाड्या वळणाआड गेल्या तरी घुंगरं ऐकू येत होती. आजी गोठ्याचं दार ओढून घेत होत्या. गावाला ते निव्वळ दार होतं. मी मात्र वळून घराचं दार बघितलं.

मच्छरदाण्या मी दिल्या आहेत. पण थंडीत हा डास रात्रीची वाट बघत नाही, दिवेलागणीलाच चावतो, आणि तेव्हा पोर चुलीपुढे अभ्यासाला बसलेली असते. म्हणून मी संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागले. बाही वर करून, नळी तोंडाशी धरून. आजी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लई दिस झाले तुमी यायलाव. न्हाई घावला तर बरंच की." काही दिवस काहीच आलं नाही. आणि मग नऊ दिवसांपूर्वी आला. माझ्या उघड्या हातावर नाही, पोरीच्या कोपराजवळ. शेपूट वर, तिरका, पुस्तकातल्या चित्रासारखा. ती पाढे म्हणत होती, तिला कळलंही नाही.

तो ओढून घ्यायला माझा हात पुढे झाला आणि तिथंच थांबला. साहेबांना पोट भरलेला हवा होता. सर, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी थांबले. त्याचं पोट आधी करडं होतं, मग गुलाबी दिसायला लागलं, आणि मी बघत होते. मनात पंप होते, सगळी गोदाकाठची घरं होती, तुमचा पेपर होता. ती पोर सोडून सगळं होतं. मग ती पाढा चुकली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी नळी टाकली आणि डास हातानेच मारला. तळहाताला रक्त लागलं. पुराव्याचं पार पीठ झालं होतं. आजी म्हणाल्या, "बरं केलं."

त्या डासात रोगाचं बीज होतं की नव्हतं, आता कळायचा मार्ग नाही. ताप यायचा असेल तर आठ-पंधरा दिवसांत येतो. गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंना तपासणीचं किट देऊन ठेवलंय, गोळ्याही दिल्यात. मी रोज सकाळी बीडहून आजींना फोन करते, पोरीच्या कपाळाला हात लावून सांगा म्हणते. "गार हाय," म्हणतात, आणि माझा दिवस सुरू होतो. हे कागद तुमच्या पेपरखाली कपाटात ठेवणार आहे, वहिनींकडेही पाठवणार नाही. त्यांना अजून वाटतं तुमच्या पेपरने माणसं वाचवली.

आज आजींनी अजून फोन उचललेला नाही. कापूस वेचायला गेल्या असतील.