अंगठेबहाद्दर मामाचा विमानप्रवास

चि. बडबडीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. नसतीस तर तुझी बडबड इथपर्यंत ऐकू आली असती. आम्ही दोघं तुझ्या आईकडे सुखरूप पोचलो. डोळ्यावरची पट्टी सुटताना समोर तूच हवास, असं ताईने मला बजावलं होतं, ते जमलं. डोळा उघडून तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "किती रे म्हातारा झालास!" म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोन आहे, पण तो आम्हाला आत घेत नाही. तू त्यात तिकिटं भरून दिलीस आणि म्हणालीस, मामा, नुसता अंगठा लावा. (कागदाचं तिकीट मागितलं तर हसलीस. असो.) विमानतळाच्या दारात पहारेकऱ्याने तिकीट विचारलं, तसा मी ऐटीत अंगठा लावला. फोन ढिम्म! जन्म गेला पुस्तकबांधणीत. खळ आणि पुठ्ठा यांनी अंगठ्यावरच्या रेघा कधीच खाऊन टाकल्यात. मी फोनला अंगठा दाखवला आणि फोनने मला. ज्याने गावाची पुस्तकं बांधली, तो म्हातारपणी अंगठेबहाद्दर झाला, आणि त्यातही नापास! मागे रांग वाढत होती. विमान चुकलं तर ताईला पहिलं तोंड डॉक्टरचं दिसणार, या विचाराने मला घाम फुटला.

मग फोनने आकडे मागितले. तू सांगितलं होतंस, अडलंच तर तुमच्या लग्नाची तारीख दाबा, ती काय कुणी विसरतं? बाई गं, विसरतं. लग्नात कोण रुसलं, कुणाची चप्पल गेली, सगळं आठवतं. तारीख तेवढी नाही. (उन्हाळा होता एवढं नक्की. की हिवाळा?) आणि शेजारी उभी कोण, तर तुझी मामी! "दाबा की," ती म्हणाली, "लग्नाचीच तारीख आहे ना?" मी अंदाजाने एक दाबली. चूक. दुसरी दाबली, तीही चूक. शेवटी चष्मा धुरकटलाय असं सांगून फोन तिच्या गळ्यात मारला. तिने अगदी ठामपणे आकडे दाबले, आणि तेही चुकले! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बिचारीला किती ओशाळल्यासारखं झालं असेल. मी मोठ्या मनाने एक शब्द बोललो नाही. (हे फक्त तुला.) फोनने मात्र तोंड मिटलं ते मिटलंच.

मग तिनेच मला दंडाला धरून बाजूच्या खिडकीशी नेलं. तिथल्या मुलीने ओळखपत्रं पाहिली आणि दोन कागद छापून हातात ठेवले. चांगला जाड कागद होता. तो मी वाटेत कुणाला दुमडू दिला नाही.

तुझा,
मामा

ता. क. खरं काम राहिलंच. ती तारीख तेवढी गुपचूप कळव. पाकिटावर फक्त माझं नाव घाल आणि मामीला यातलं काही बोलू नकोस.

ता. क. (मामीचा) : यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं. तारीख मला पक्की पाठ आहे, मुद्दाम चुकीची दाबली. खिडकीवर कागद मिळतो हे तू मला आधीच सांगितलं होतंस, म्हणून विमानाचा घोर नव्हता. यांना काही कळवू नकोस. ती तारीख आजचीच आहे, आणि हे सकाळपासून तुला पत्र लिहीत बसलेत.