अर्ध्या गोलातला गिद्धा

पटियाला, ९ नोव्हेंबर

प्रिय भूपिंदर,

इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी. सबब एवढीच की आपण रोज भेटतोय असंच मला वाटत होतं. कॅनडातला तुझा बर्फ, तुझा कुत्रा, तुझी नवी गाडी, सगळं फोनवर बघते, खाली बदाम दाबते आणि चहा ठेवायला जाते.

माझ्या मेहरचं लग्न ठरलंय, हेही तुला फोनवरच कळलं असेल. आज संध्याकाळी अंगणात बायकांच्या गिद्धा नाचाची तालीम होती, आणि मी इतकी चिडलेय की रोजनिशीत लिहून भागेना. गाणं मेहरने फोनकडूनच करून घेतलंय. स्वतःचं नाव घातलं, फोटो घातले, की गाणं तयार! 'मीच माझी चंद्रकोर, मीच माझी रात. माझाच हात माझ्या हाती, कशाला हवी साथ.' ऐकून बीजी, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "छानच गं, पण यात नवरा कुठाय? वरात काय आरशातून येणार?" मेहर म्हणाली, "बीजी, आधी स्वतःवर प्रेम करायचं असतं." "कर की बाई. मग हलवायाला एवढे लाडू कशाला सांगितलेत?"

मी हसले, आणि मग स्वतःलाच विचारलं, मला नेमकं खुपतंय काय? गिद्ध्यात गायच्या जुन्या बोल्यांतही 'मी' असायचीच. मी रुसले, मी चुडा भरला. पण ती 'मी' कुणाला तरी सांगत असायची, नणंदेला, जावेला, आईला. आठवतं? कॉलेजात तू गोलाच्या मध्ये येऊन म्हणायचीस, 'मी कातलं सूत, गं जावे, तू विणलास शेला. सांग, थंडीत कुणाच्या नावाने पांघरायला नेला?' समोरून मी उत्तर दिल्याशिवाय तुझी बोली पुरी व्हायचीच नाही.

आज नाच बसवणाऱ्या मुलीने बायकांचा गोल मोडून अर्धा केला. उरलेल्या बाजूला स्टँडवर फोन. बीजी सवयीने टाळ्या देत मध्ये गेल्या, नातीसमोर उभ्या राहून बोली घालणार, तर ती मुलगी म्हणते, "बीजी, बाजूला व्हा, मेहरदीदी झाकली जातेय." बीजी मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसल्या. मुकाट्याने, भूपी! ज्या बाईने माझ्या लग्नात माझ्या मामाच्या ढेरीवर उभ्या उभ्या कडवं रचलं होतं, ती!

जेवणं झाल्यावर मेहर तालमीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसली होती. मी टोमणा मारणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मम्मा, बघ ना. इतक्या जणी आहेत, पण माझ्याकडे कुणीच बघत नाहीये." खरंच, सगळ्या फोनकडे बघत होत्या. तीसुद्धा. मग हळूच म्हणाली, "पुन्हा गोल केला तर माझ्यासमोर कोण उभं राहील? मला तर उत्तरसुद्धा द्यायला येत नाही."

म्हणून लिहितेय. लग्न जानेवारीत, लोहडीच्या सणानंतरच्या रविवारी आहे. उत्तर कसं देतात हे तिला सांगून कळणार नाही, बघूनच कळेल. मी मध्ये जाऊन बोली घालेन, पण समोर तू हवीस. माझ्याच बोलीला मी काय उत्तर देऊ? ये. आणि हे पत्र मिळालं की बदाम पाठवू नकोस.

तुझीच,
सुखवंत

ता. क. उद्या बीजींच्या ढोलकीच्या दोऱ्या आवळून आणायच्या आहेत.