साधनाचे मेलेले शब्द आणि बेल्ह्याचं स्थळ

घाटघर,
ता. ८ फेब्रुवारी २००१

चि. भिमाजीस अंबाआक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी खुशाल. तुझा गुडघा कसा आहे ते कळव; सुया पुरे कर, निर्गुडीचा पाला बांध.

तर भाऊ, तू पाठवलेलं बेल्ह्याचं स्थळ रविवारी साधनाला बघून गेलं. आपली नात पुण्याला इंग्रजीचं एम.ए. करते, अजून दीड वर्ष बाकी. लग्न ठरलं की शिक्षण सुटणार, म्हणून पोरगी सकाळपासून तोंड पाडून होती. पोहे झाले, आणि मुलाच्या आईनं, साळुबाईनं विचारलं, "काय शिकती गं?" साधना म्हणाली, साहेबाच्या भाषेतले मेलेले शब्द, त्यांचे अर्थ काय, ते आले कुठून.

आता हे सगळं तिनं मला चुलीपाशी सांगितलेलं, म्हणून मीच पुढं झाले. म्हटलं, साहेबाकडं परवासाठी शब्द होता, ओव्हरमॉरो. ओव्हर म्हणजे पलीकडं, मॉरो म्हणजे उद्या. तो त्यांनी हरवला. (एवढं राज्य केलं, आणि एक परवा सांभाळता आला नाही.) दुसरा ग्रोक. तो स्कॉटलंडचा, तोही आपल्यासारखाच डोंगराळ मुलूख. कुणी जेवत असलं की आपल्यालाही मिळंल म्हणून कुत्रं गप टक लावून बसतं ना, ते ग्रोक. (नेमका तेव्हाच मुलाचा मामा लाडवाच्या ताटाकडं बघत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. माझा काय दोष?)

साळुबाईचं तोंड उतरलं. "मेल्या माणसाचं लुगडं आमी घरात ठेवत न्हाई, आन् मेलेले शब्द सुनंच्या तोंडात?"

मी म्हटलं, "व्हय बाई, आन् त्यांच्या पिंडाला कावळा शिवला का न्हाई, त्येबी ठाव न्हाई."

सुपारी न फोडताच मंडळी उठली. आता दीड वर्ष पोरगी सुखानं शिकंल. मला लई आनंद झाला बघ.

तुझी,
अंबाआक्का

ता.क. कावळ्याचं मी मुद्दाम बोलले.

आणखी ता.क. मुलगा, रामनाथ, चपला घालता घालता साधनाला हळूच विचारत होता, असे शब्द अजून किती आहेत. तिनं अंगणात उभं राहून अकरा सांगितले. जीप हॉर्न देत राहिली. तर बाबा, बेल्ह्याला जा, साळुबाईची समजूत घाल, दीड वर्ष थांबा म्हणावं. शब्दांची काय शांत करायची ती आम्ही करू. साळुबाई हो म्हणेपर्यंत साधनाला मात्र सांगू नकोस. स्थळ मोडलं असं समजून तिनं चार दिवसांत पुस्तक उघडलेलं नाही.