बाण डावीकडे जातात

९ जानेवारी
आजही सगळे बाण डावीकडे. घरामागच्या प्लॉटवर गवताचा भारा लावलाय, एक त्याच्या काठाला लागला, बाकीचे कुंपणात. हे म्हणाले, "बाणाच्या काड्या लय ताठ पडतात. धनुष्याले जुळत नाहीत." जन्मभर शाळेत खेळ शिकवलेला माणूस, मी काय बोलणार. धनुष्य धामणीच्या लाकडाचं, त्यांनीच तासलेलं. चहाचा कप मात्र हल्ली डाव्या हातात. विचारलं तर, "सवय."

१३ जाने.
अंगणात दोन खिळ्यांवर बाणाची काडी आडवी ठेवतात, मध्ये वजन टांगतात, किती वाकते ते बघतात. कमी वाकली की पॉलिशपेपरने घासून बारीक करायची. ओढण्यात जोर कमी असला की काडी लवणारी हवी, नाहीतर बाण डावीकडे जातो, एवढं मला इतक्या संसारात कळलंय. घासायचं काम आज माझ्याकडे आलं. त्यांच्या बोटांत पेपर टिकेना.

१८ जाने., रवि.
मंजू अकोल्याहून आली. लेकीलाही यांनीच शिकवलेलं. "बाबा, द्या इकडं." तेच धनुष्य, न घासलेले जुनेच तीन बाण. कानापर्यंत ओढलं. तिन्ही भाऱ्याच्या मधोमध.
म्हणजे बाण जुळतात. यांचं ओढणंच अर्ध्यावर...
हे बाण उपटायला गेले ते तिकडेच उभे राहिले.
निघताना मंजू गेटपाशी हळू आवाजात, "आई, त्यायचा दंड पाहिला का तू? केवढा वाळला. डॉक्टरले दाखव."
पाहिला गं. रोज पाहते.

२० जाने.
विषय काढला. "मंजूचा हात येगळा. माह्यासाठी काड्या अजून मऊ पाह्यजेत." डॉ. म्हटलं की उठून जातात. मी घासत बसले. दुसरं काय करू.

२७ जाने.
पातळ काड्या दोन-तीन दिवस सरळ गेल्या. खुशीत होते, नीट जेवलेही. आज पुन्हा डावीकडे. म्हणजे हात आणखी... लिहवत नाही.
"अजून घास."
"मोडंल. हातात घुसंल."
"नाही मोडत. घास तू."
घासली नाही. घासली म्हणून सांगितलं. दुपारी दवाखान्यात फोन करून पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. यांना अजून सांगितलेलं नाही.

३ फेब्रु.
सकाळी प्लॉटवर. बाण लावला, दोरी ओढली. हात छातीच्या पुढेच अडला. दोरी हळूच परत जाऊ दिली. धनुष्य माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू ओढून पाह्य."
मी कधीच हात लावला नव्हता. दोरी बोटांत रुतली, वीतभरही मागे आली नाही. म्हटलं, "नाही ओढल्या जात मले."
"मलेही," म्हणाले.
आजवर हे असं कधी म्हणाले नव्हते. दोघं तसेच उन्हात उभे. मग डॉक्टरकडची गुरुवारची वेळ सांगून टाकली. निघून गेले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.