श्रीरंगच्या बँडात माझी जागा

२ सप्टेंबर २००६, ॲन आर्बर
दीड महिना झाला इथे येऊन, पण श्रीरंगशी धड बोलणं नाही. जेवलास का, तर हो. बस. चूक माझी. गेल्या वर्षी पोराने कंपनीतली नोकरी सोडून बँड काढला, तेव्हा फोनवर बोलून गेलो, की तुला अमेरिकेत काय मडकी वाजवायला धाडलं होतं? त्यानंतर मी फोन उचलला की तो म्हणे, आईला द्या.
ठराव: ८ ऑक्टोबरला परत जायचंय, त्याआधी हे मिटवायचं. माफी मागणार नाही. बापाने मुलाची माफी मागितल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. दुसरा मार्ग काढीन.

३ सप्टेंबर
बेसमेंटच्या जिन्यावर बसून प्रॅक्टिस ऐकली. इथल्या दक्षिणेकडच्या गोरगरीब काळ्या लोकांची जुनी गाणी. वाद्य परवडेना, तर घरातली भांडी घेतली त्यांनी. श्रीरंग बँजोवर. अनन्या म्हणून मुलगी आहे, जन्म इथलाच, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमधून. ती कपडे घासायची पत्र्याची फळी खरवडते. आणि डेल नावाचा दाढीवाला मातीच्या जगाच्या, म्हणजे सुरईसारख्या भांड्याच्या, तोंडाशी ओठ फुरफुरवतो, की आतून म्हैस हंबरते.
पाय ठेका धरत होता. माझा. थांबवला.

१० सप्टेंबर
डेल गाव सोडून चाललाय. बँडला ७ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी जगवाला हवाय, इंटरनेटवर शोधताहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पेटी मी गुरूशिवाय शिकलो, टायपिंगही. जगाचं काय एवढं? मडकी म्हणून हिणवलं, तेच मडकं बापाने त्याच्या शेजारी बसून वाजवलं, की माफीची गरजच उरत नाही.
नंदा म्हणाली, अहो, तुम्हाला जिना चढताना दम लागतो. बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणं हीही साधनाच.

१२ सप्टेंबर, पहाटे ५
गॅरेजमध्ये दुधाच्या रिकाम्या गॅलनवर रियाज. वीस मिनिटं. आवाज नाही. इकडचं प्लॅस्टिक फार पातळ.

१३ सप्टेंबर
आवाज आला. पाठोपाठ चक्कर. जुन्या पेपरांच्या ढिगावर आडवा झालो. नंदाने पाहिलं. शवासन, म्हटलं.

१७ सप्टेंबर
ऑडिशन दिली. अनन्याचं मत पडलं, काका, इट्स मोस्टली स्पिट. श्रीरंगने टॉवेल आणून दिला. म्हणजे विचार करतोय.

२४ सप्टेंबर
चहाच्या वेळी विषय काढला. बघू, म्हणाला. बघू म्हणजे अर्धा होकार. लहानपणी सायकल मागायचा, तेव्हा मीही बघूच म्हणायचो. घेतली नाही, ती गोष्ट वेगळी.

३० सप्टेंबर, अष्टमी
जवळच्या कँटन गावात ओळखीच्या शैलजावहिनींकडे महालक्ष्मी. श्रीरंगने गाडीने नेलं. बायका धुपाने धुरावलेल्या घागरी फुंकत होत्या. बाकीच्या पाच मिनिटांत टेकल्या. नंदा थांबेना. एकसष्टाव्या वर्षी, फेर धरून, पाऊण तास, एका लयीत. श्रीरंग किल्ली हातात घेऊन चपलांच्या ढिगाऱ्यापाशी उभा, बोटांवर मात्रा मोजत.
गाडीत त्याने आरशात बघून विचारलं, आई, दम कुठून आणतेस गं? ती म्हणाली, अरे, लग्नाच्या आधीपासून फुंकतेय, विचारलं कुणी? मी म्हटलं, हा सगळा पोटाचा खेळ आहे. त्यावर कुणी वाद घातला नाही.

१ ऑक्टोबर
डेलचा जग नंदाकडे. तात्पुरता. मी जिन्यावरून देखरेख करतो. तिचा दुसरा अंतरा घाईत गेला, तसं सांगितलं. अनन्या म्हणाली, काकू, यू आर ऑसम. नंदा म्हणाली, अहो, वर खिचडी लागेल, बघता का.
लागली होती.

७ ऑक्टोबर
कार्यक्रम झाला. कॉफीच्या दुकानात साठेक माणसं. नंदा साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. मी पहिल्या रांगेत, मांडीवर तिघांचे कोट. श्रीरंगने माइकवर सांगितलं, धिस इज माय मदर. टाळ्या. मग शब्द शोधत इकडे तिकडे पाहिलं त्याने. मी कोट खाली ठेवून अर्धा उठलोही. पण तो बँजो लावत होता.
नंतर कळलं, नंदाचं तिकीट नोव्हेंबरवर ढकललंय. आणखी दोन कार्यक्रम आहेत. चालेल ना हो, असं तिने विचारलं. तिकीट परवाच बदललं होतं. मी परवानगी दिली.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६, विमानतळ
एकटाच.
नंदाला सर्दी झाली, ती घरीच राहिली. म्हटलं, बरं झालं, गाडीत पोराशी एकट्याने बोलता येईल. माफीच. शब्दही पाठ केले होते, तीनच वाक्यं. अर्धा तास मिळाला. टायरच्या हवेविषयी बोललो. मग वायपरविषयी. मग पुन्हा टायरविषयी. तो हो, बाबा, हो, बाबा म्हणत होता.
गाडीबाहेर वाकून नमस्कार केला त्याने. वारा बोचरा होता. पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलं. आणि मी म्हणालो, जॅकेटची चेन लाव.
बापाच्या तोंडी याचा अर्थ तोच होतो. समजला असेल तो. लगेच लावली.
अर्ध्यापर्यंत.