मागून ओळ धरणारा

गुरुजी, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि मला तुमचा राग आत्ता येऊन राह्यलाय. निमित्त एका कादंबरीचं. नात कॉलेजातून सुट्टीला आली, ते जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, आबा, वाचा, यात गुरं राखणाऱ्यांचं राज्य आहे. आफ्रिकेच्या मातीतून रचलेला काल्पनिक मुलूख, ढोलातून बोलणारे देव, पावसाला अडवून धरणारी राणी, सगळं मराठीत आणलेलं. मी नाक मुरडलं. तुमचाच विद्यार्थी ना मी.

पण त्यात एक म्हातारा गाणारा आहे. तो दरबारात गातो आणि मागं बसलेला एक जण त्याची प्रत्येक ओळ उचलून धरतो. लढाईत तो मागचा मरतो, तसं गाणारा तोंडच मिटतो. राणी सोनं देते, धमकी देते. तो म्हणतो, धरायला कुणी नसलं तर गाणं खाली पडतं. मी पुस्तक मिटलं. आमच्या घरचंच होतं हे. मेंढरं बसली की बाप ओवी म्हणायचा आणि चुलता मागून ती उचलायचा. एकट्यानं ओवी म्हणायची नसते आमच्यात.

शाळेतला तो दिवस अजून दिसतो. तुम्ही वर्गात घरचं गाणं म्हणायला सांगता. मी उभा राहतो, कानावर हात ठेवतो, बापाची पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो, कारण आता मागून कुणीतरी धरायला पाहिजे. कुणीच धरत न्हाई. तुम्हाला वाटतं, पोरगं विसरलं.

"खाली बस. पाठ नाही, आणि मेंढरं हाकायच्या आवाजाला कविता म्हणत नाहीत."

संध्याकाळी मस्तगड भागातल्या तुमच्या घरी बोलावलंत. काकूंनी चुलीपाशी बसवून पिठलं-भाकरी वाढली, तुम्ही स्वतःचं कवितांचं पुस्तक दिलंत. हे पाठ कर, म्हणालात, माणसात येशील. मी सगळं पाठ केलं. पुढं चुलता गेला. बापानं मला मागं बसवलं, तर माझ्या गळ्यातून नुसत्या तुमच्या चाली. "ऱ्हाऊ दे," बाप एवढंच म्हणाला. मंग तो गायलाच न्हाई.

राग त्या कादंबरीचाही आहे. लेखकानं गाणाऱ्याला मधेच टाकून दिलं आणि पुढं पानंच्या पानं तलवारी. भाषांतर करणाऱ्यानं तर गुराख्याच्या तोंडी "आपली अनुज्ञा असावी" घातलंय. कोणता गुराखी असं बोलतो? तरी पिवळ्या गवताचं वर्णन आलं की अंबडच्या वाटेवरचा माळ दिसतो, आणि मी तेच पान पुन्हा वाचत बसतो.

हे सगळं काल नातीला सांगितलं. "मंग म्हणा की आबा," ती म्हणाली, "मी धरते मागून."

बापाची पहिली ओळ आली. तिनं धरली, बेसूर, पण बराबर जागेवर. दुसरी ओळ मात्र आलीच न्हाई. किती वेळ नुसता हात कानावर. मंग आली ती तुमच्या पुस्तकातली कविता, तुमच्याच चालीत, आणि त्या पोरीनं तीही तेवढ्याच मायेनं उचलली.

या पत्राला पत्ता न्हाई. असता तरी टाकलं नसतं. ती कविता मी चिडून सुरू केली होती, गुरुजी, पण शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटली. मला ती अजून आवडते.